एका कलमाची गोष्ट

श्रोतेहो, आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे आज एकदा नीट पाहा. आमच्या लहानपणी तिथे पितळेची पातेली आणि तांब्याचे हंडे असत. कल्हईवाला आळीत आला की बायका भांडी घेऊन बाहेर धावत, कारण कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते. आज त्या जागी स्टीलची ताटे-वाट्या आल्या आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. स्टील कळकत नाही, गंजत नाही. असे का? तर साध्या पोलादात क्रोम नावाची धातू मिसळली की ते गंजेनासे होते. चांगल्या प्रतीच्या शंभर किलो स्टीलमध्ये अठरा किलोच्या आसपास क्रोम असते. ही धातू काढतात ते खनिज आपल्याकडे कोकणात कणकवलीच्या बाजूला आणि भंडाऱ्याकडे पवनीजवळ थोडेफार सापडते. ओडिशात मात्र पुष्कळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ आले इतिहासावर बोलायला आणि भांड्यांचे काय घेऊन बसले! पण आजची गोष्ट या क्रोमचीच आहे. या धातूपायी अमेरिकेच्या संसदेने जगाला दिलेला एक शब्द १९७१ साली मोडला. तो पुन्हा सांधायला पाच वर्षांहून जास्त काळ लागला. मोडला तोही एका कलमाने, आणि त्या कलमात ज्या देशाविषयी ते होते त्याचे नावसुद्धा नव्हते.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी विधेयक, तीन वाचने, राष्ट्राध्यक्षांची सही असे सगळे फळ्यावर लिहितो आणि मुले ते उतरवून घेतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, सही झाली म्हणजे कायदा झाला. मग पुढं काय?" मी तेव्हा "पुढं अंमलबजावणी" असे म्हणून वेळ मारून नेली. खरे उत्तर लांबलचक आहे. ते आज देतो.

आफ्रिकेच्या दक्षिण भागात ज्याला आज झिंबाब्वे म्हणतात, त्या देशाचे तेव्हाचे नाव ऱ्होडेशिया. सेसिल ऱ्होड्स नावाच्या इंग्रज धनाढ्याच्या नावावरून ते पडलेले. १९६५ साली तिथे आफ्रिकी लोक चाळीस लाखांच्यावर होते आणि गोरे सुमारे सव्वादोन लाख. पण सत्ता गोऱ्यांची, जवळजवळ अर्धी जमीन १९३० च्या कायद्याने गोऱ्यांची, आणि मताचा हक्क असा बेतलेला की आफ्रिकी माणसाच्या हाती काही लागू नये. ब्रिटन म्हणत होते की बहुसंख्यांच्या राज्याकडे पावले टाकल्याखेरीज स्वातंत्र्य नाही. तेव्हा तिथले गोरे पंतप्रधान इयन स्मिथ यांनी ११ नोव्हेंबर १९६५ रोजी आपण होऊनच स्वातंत्र्य जाहीर केले. स्वातंत्र्य हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो. पण हे स्वातंत्र्य बाकीच्या चाळीस लाखांना स्वातंत्र्य मिळू नये म्हणून घेतलेले होते.

ब्रिटनने फौज पाठवली नाही. व्यापार तोडला, आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेले. १६ डिसेंबर १९६६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव केला की ऱ्होडेशियाचे क्रोम, तंबाखू, साखर, तांबे, लोखंडाचे खनिज वगैरे कोणत्याही सभासद देशाने घेऊ नये, आणि त्याला शस्त्रे वा तेल देऊ नये. सर्व सभासदांवर बंधनकारक असे आर्थिक निर्बंध राष्ट्रसंघाने घातले ते इतिहासात पहिल्यांदाच. मे १९६८ मध्ये ते जवळजवळ सर्वच व्यापाराला लागू झाले, आणि देखरेखीसाठी एक समिती नेमली गेली.

गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकावे तसेच हे, असे काहींना वाटेल. पण फरक मोठा आहे. गावाने वाळीत टाकणे हा उघड अन्याय असतो, आणि आपल्या राज्यात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला आहे. इथे लेखी नियम होता, ठरलेले कारण होते, आणि ते कारण दूर झाले की बंदी उठायची होती. निदान कागदावर तरी तसे होते.

पण सुरक्षा परिषदेचा ठराव बंदरावरच्या जकात कारकुनाला दिसत नाही. त्याला दिसतो तो त्याच्या देशाचा कायदा. ठरावाला दात फुटतात ते देशोदेशींच्या संसदांमध्ये. जुन्या राष्ट्रसंघाला, म्हणजे लीगला, हे चांगलेच भोवले होते. १९३५ साली इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर, स्वारी केली. लीगने निर्बंध घातले, पण लढाईला सगळ्यात जास्त लागते ते तेल यादीतून वगळले. मुसोलिनीचे रणगाडे चालत राहिले आणि १९३६ च्या जुलैत निर्बंध गुंडाळले गेले. म्हणून नव्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वेळी अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर १९४५ मध्येच एक कायदा करून ठेवला. सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले की राष्ट्राध्यक्षांनी नुसता हुकूम काढून व्यापार थांबवावा. मोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि दहा वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडेही १९४७ साली असाच एक छोटा कायदा झाला, आणि सुरक्षा परिषदेच्या निर्णयांवर हुकूम काढण्याचा अधिकार भारत सरकारला मिळाला. आपल्याला या विषयाची ओळख त्याआधीपासूनच होती म्हणा. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायामुळे जुलै १९४६ मध्येच भारताने त्या देशाशी व्यापार तोडला होता. आपल्या तागाच्या पोत्यांना तिकडे मोठे गिऱ्हाईक होते, तरी तोडला. असे पाऊल टाकणारा भारत हा पहिला देश.

तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९४५ च्या त्या कायद्याखाली १९६७ च्या जानेवारीत आणि १९६८ च्या जुलैत हुकूम काढले. ऱ्होडेशियाचे क्रोम अमेरिकेत येणे बंद झाले.

ऱ्होडेशियाच्या मधोमध पाचशे किलोमीटर लांबीची एक खडकाची रांग आहे. तिला ग्रेट डाइक म्हणतात. जगातल्या क्रोमच्या मोठ्या साठ्यांपैकी एक तिथे आहे, आणि खनिजही उत्तम प्रतीचे. युनियन कार्बाइड आणि फूट मिनरल या दोन अमेरिकन कंपन्यांच्या तिथे खाणी होत्या. (यांतले पहिले नाव आपल्या कानाला ओळखीचे आहे, १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला तो याच कंपनीच्या हाताखालच्या कारखान्यातून.) बंदी आल्यावर अमेरिकेचे पोलाद कारखाने क्रोमसाठी रशियाकडे वळले. हाच मुद्दा पुढे हत्यार झाला. शीतयुद्धाचे दिवस, व्हिएतनाममध्ये लढाई चाललेली, आणि विमानाच्या इंजिनात लागणारी धातू घ्यायची ती साम्यवादी रशियाकडून! ऐकणाऱ्याला हे पटायचे. खोटेही नव्हते, अर्धे खरे होते, आणि सभागृहात अर्धे खरे फार चालते.

१९७० साली निक्सन सरकारने एक सवलत दिली. युनियन कार्बाइडने म्हणे बंदीपूर्वीच पैसे भरून ठेवलेले दीड लाख टन खनिज होते, ते आणू द्यावे. तेवढे येऊ दिले. आपल्या शेताच्या बांधाला आधी उंदीर एक भोक पाडतो, मग पाणी आपली वाट शोधते. तसेच झाले.

व्हर्जिनिया राज्याचे सीनेटर हॅरी बर्ड यांनी १९७१ मध्ये विधेयक मांडले. ते परराष्ट्र व्यवहार समितीकडे गेले, कारण विषय राष्ट्रसंघाच्या कराराचा. समितीने साक्षी घेतल्या आणि विधेयक पुढे पाठवले नाही. एखादा दुसरा गप्प बसला असता. पण बर्ड हे लष्करी सेवा समितीचे सभासद होते, आणि त्या समितीपुढे तेव्हा सैन्याच्या खरेदीचे अवाढव्य विधेयक होते. त्यात शेवटी शेवटी त्यांनी आपले कलम घालून घेतले.

कलम काय म्हणते ते माझ्या शब्दांत सांगतो. संरक्षणाला लागणारी एखादी वस्तू जर साम्यवादी देशातून आणायला मोकळीक असेल, तर तीच वस्तू बिगर-साम्यवादी देशातून आणायला राष्ट्राध्यक्षांनी मनाई करू नये. संपले. ऱ्होडेशिया हे नाव नाही, राष्ट्रसंघाचे नाव नाही, क्रोमचेही नाही. दुरुस्ती कुठल्या कायद्याला? तर १९४६ च्या, युद्धोपयोगी मालाचा साठा करण्याच्या एका जुन्या कायद्याला. वाचणाऱ्याला वाटावे, कोठारातल्या मालाची काही किरकोळ बाब असेल.

आपल्या जिल्हा परिषदेत विषय समित्या असतात. बांधकामाचा विषय शिक्षण समितीत रेटला तर कुणी तरी उठून विचारतो, "हे इथं कसं?" अमेरिकेतही विचारले गेले. वायोमिंगचे सीनेटर गेल मॅगी यांनी कलम काढून टाकण्याची सूचना आणली. ती थोड्या मतांनी पडली. पुढे पंधरवडाभर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने मते झाली आणि अखेर कलम टिकले. राष्ट्राध्यक्षांना तिथे विधेयकाचा एक तुकडा नाकारता येत नाही. घ्यायचे तर सगळे, परत करायचे तर सगळे. लढाई चालू असताना सैन्याच्या खरेदीचे विधेयक कोण परत करतो? शिवाय व्हाइट हाउसने ते कलम पाडण्यासाठी म्हणावी तशी धडपडही केली नव्हती. १७ नोव्हेंबर १९७१ रोजी निक्सन यांची सही झाली. त्याच्या आदल्या दिवशी राष्ट्रसंघाच्या आमसभेने या कलमाविरुद्ध ठराव केला होता. विरोधात मते पडली ती फक्त पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिका यांची. राष्ट्रसंघाचे निर्बंध उघडपणे न पाळणारे देश तोवर हे दोनच. आता तिसरा त्यांच्या पंक्तीला जाऊन बसला, आणि तो सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेला.

मार्च १९७२ मध्ये ऱ्होडेशियाच्या क्रोमचे पहिले मोठे जहाज अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात एका नदीबंदराला लागले. तिथे निग्रो विद्यार्थी, आजच्या शब्दांत कृष्णवर्णीय विद्यार्थी, निदर्शने करीत उभे होते. पुढल्या काळात दुसऱ्या बंदरांवर गोदी कामगारांनी असा माल उतरवायला नकार दिला. त्यांना कायद्याचे पोटकलम माहीत असेल-नसेल. तो माल कुठून आला एवढे त्यांना पुरेसे होते.

काँग्रेसमधले आफ्रिकाविषयक उपसमितीचे अध्यक्ष चार्ल्स डिग्ज कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : करार मोडला आहे, आयात थांबवा. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने १९७२ मध्ये जो निकाल दिला तो शिक्षकबंधूंनी वर्गात सांगण्यासारखा आहे. कोर्टाने कबूल केले की कराराची पायमल्ली झाली आहे. पण पुढे म्हटले की काँग्रेसला वाटले तर करार मोडणारा कायदा ती करू शकते. नंतरचा कायदा आधीच्या करारावर चढतो. दाद मागायची तर ती संसदेतच. म्हणजे ज्या दारातून चूक आत आली, त्याच दारातून ती बाहेर काढायची.

मग सुरू झाली खटपट. १९७२ मध्ये कलम रद्द करण्याचा सीनेटमधला प्रयत्न थोडक्यात फसला. १९७३ च्या डिसेंबरात सीनेटने ते रद्द करण्याचे विधेयक ५४ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केले, तेही विरोधकांची न संपणारी भाषणे दोन-तृतीयांश मतांनी बंद पाडून. आता दुसरे सभागृह, प्रतिनिधिगृह. तिथे १९७४ चे संपूर्ण वर्ष विधेयक कार्यक्रमपत्रिकेवर येई आणि मते पुरेशी नाहीत असे पाहून मागे घेतले जाई. काँग्रेसची मुदत संपली, विधेयक मेले, सीनेटचे काम वाया गेले. १९७५ च्या सप्टेंबरात प्रतिनिधिगृहात अखेर मतदान झाले. परराष्ट्र संबंध पाहणारी समिती म्हणाली रद्द करा, लष्करी सेवा समिती म्हणाली करू नका. १८७ विरुद्ध २०९. पुन्हा पडले.

इथे मी थोडा थांबतो, कारण या पाच वर्षांत जी माहिती पुढे येत गेली तीच माझ्या मते या इतिहासाचा गाभा आहे. कलमाच्या बाजूची मुख्य सबब काय होती? रशियावरचे अवलंबन कमी होईल. पण रशियाचे क्रोम येतच राहिले. दुसरी सबब, अमेरिकन कारखाने जगतील. तिथे तर उलटेच घडले. ऱ्होडेशियाने कच्चे खनिज पाठवण्याऐवजी ते भट्टीत वितळवून तयार फेरोक्रोमच पाठवायला सुरुवात केली. तिथे मजुरी कवडीमोल, कामगाराला बोलायची सोय नाही. साहजिकच माल स्वस्त. ओहायो राज्यात असे फेरोक्रोम करणारे कारखाने बंद पडू लागले, त्यांतला एक खुद्द फूट मिनरल कंपनीचा! ज्या कंपनीसाठी कायद्याला भोक पाडले, तिच्याच कामगारांचा रोजगार त्या भोकातून वाहून गेला. पोलाद कामगारांची संघटना कलम रद्द करा म्हणणाऱ्यांत होती, यात नवल नाही.

आणि तिसरी गोष्ट एका नव्या भट्टीची. वितळलेल्या पोलादातून अर्गॉन आणि ऑक्सिजन वायू सोडून कार्बन काढून टाकण्याची रीत या काळात पसरली. त्यामुळे हलक्या प्रतीचे, जास्त कार्बनचे क्रोमही चालू लागले. ऱ्होडेशियाचे उत्तम खनिज नसले तरी अडेना. १९७७ पर्यंत पोलादवाल्यांनीच सांगून टाकले की आमचे अडत नाही. नैतिक भाषणांनी जे पाच वर्षांत झाले नाही, ते करायला एका भट्टीचा केवढा हातभार लागला पाहा. माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला हे कबूल करणे जड जाते, पण तसे आहे खरे.

जानेवारी १९७७ मध्ये कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले. या वेळी सरकारनेच कंबर कसली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स स्वतः समितीपुढे साक्षीला गेले. मार्चच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाने २५० विरुद्ध १४६, सीनेटने ६६ विरुद्ध २६ अशा मतांनी विधेयक मंजूर केले. १८ मार्चला सही झाली.

पण या वेळी संसदेने नुसते जुने कलम खोडले नाही. सुधारलेला कायदा वाचला की दिसते, साक्षींमधून ती काही तरी शिकली होती. कच्चे क्रोम बंद केले, तर तेच क्रोम जपानने किंवा युरोपने घ्यावे, त्याचे पोलाद करावे आणि ते पोलाद अमेरिकेत विकावे, ही पळवाट उरतेच. म्हणून १९४५ च्या मूळ कायद्यातच नवा मजकूर घातला : क्रोम असलेले परदेशी पोलाद बंदरातून सोडायचे तर त्यात ऱ्होडेशियाचे क्रोम नाही असा दाखला सोबत हवा. असल्या दाखल्यांवर सहज विश्वास टाकण्याजोगी स्थिती नव्हती, हेही सांगितले पाहिजे. इतकी वर्षे ऱ्होडेशियाचा माल मोझांबिकचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा म्हणून खोट्या कागदांवर जगभर जातच होता. दक्षिण आफ्रिकेने पाठवल्याची नोंद कमी आणि घेणाऱ्या देशांत पोचल्याची नोंद जास्त, असे आकडे पाहून देखरेख करणारे चोरी ओळखत. आपल्या गावचा तलाठी पीक-पाहणीत खोट ओळखतो तशी ही रीत!

ब्रिटनचेही या बाबतीत फार कौतुक करायला नको. त्यांचे आरमार १९६६ पासून १९७५ पर्यंत मोझांबिकच्या बैरा बंदरासमोर तेलाची जहाजे अडवायला गस्त घालीत होते. आणि तेल मात्र दुसऱ्या वाटेने, दक्षिण आफ्रिकेकडून, सुखेनैव पोचत होते. त्यात ब्रिटिश तेल कंपन्यांचा हात होता हे १९७८ च्या एका सरकारी चौकशीत उघड झाले. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडे.

कायदा दुरुस्त झाला म्हणून संसदेचे काम संपले असेही नाही. १९७८ मध्ये प्रश्न उलटा झाला : निर्बंध उठवायचे कधी? इयन स्मिथ यांनी काही आफ्रिकी पुढाऱ्यांशी आपसांत करार केला होता. काँग्रेसमध्ये एक गट म्हणू लागला, झाले ना समाधान, उठवा बंदी. तेव्हा केस आणि जॅव्हिट्स या दोन सीनेटरांनी मधला मार्ग काढला. १९७८ अखेर निर्बंध उठावेत, पण दोन अटींवर. ऱ्होडेशियाने सर्व पक्षांच्या परिषदेत भाग घेतला पाहिजे, आणि मोकळ्या, सर्वांना खुल्या निवडणुकीतून सरकार आले पाहिजे. अटी पुऱ्या झाल्या की नाही हे राष्ट्राध्यक्षांनी तपासून सांगायचे.

मला हे कलम १९७१ च्या कलमापेक्षा फार प्रामाणिक वाटते. त्यात देशाचे नाव आहे, काय झाले म्हणजे काय होईल हे आहे, आणि निर्णय कुणी घ्यायचा तेही आहे. भांडण झालेच, पण उघड्यावर झाले. एप्रिल १९७९ मध्ये तिथे निवडणूक झाली, बिशप मुझोरेवा पंतप्रधान झाले. मात्र शंभरांपैकी अठ्ठावीस जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या, फौज, पोलीस व न्यायखाते त्यांच्याच हाती, आणि लढणारे दोन्ही मोठे आफ्रिकी पक्ष बाहेर. मे महिन्यात सीनेटने ७५ विरुद्ध १९ मतांनी निर्बंध उठवण्याच्या बाजूने कौल दिला. ७ जूनला कार्टर यांनी सांगितले, अटी पुऱ्या झालेल्या नाहीत, निर्बंध राहतील. एवढे मोठे बहुमत विरुद्ध असताना असे सांगणे सोपे नव्हते. त्यांना ते सांगता आले, कारण तसे तपासण्याचा अधिकार काँग्रेसनेच कायद्यात लिहून दिला होता.

त्याच वर्षी लंडनमध्ये लँकेस्टर हाउसला सगळे पक्ष एकदाचे समोरासमोर बसले. निर्बंधांमुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. डोंगराकपारींतून लढलेले आफ्रिकी तरुण, १९७६ मध्ये सरहद्द बंद करून स्वतःचे नुकसान सोसणारा मोझांबिक, उपासमार पत्करलेली गावे, यांचा वाटा फार मोठा. पण इयन स्मिथ यांना १९७२ पासून पाच वर्षे क्रोमचे जे डॉलर मिळाले आणि अमेरिका आपल्या पाठीशी आहे असा जो धीर मिळाला, त्याची किंमत कुणी मोजली? लढाईतली सगळ्यात रक्तरंजित वर्षे १९७२ नंतरचीच आहेत.

हा प्रकार तिकडचाच, असेही समजू नका. महासंहारक शस्त्रांचा प्रसार रोखणारा आपला कायदा २००५ चा. शस्त्रे बनवणे, नेणे, देणे यांवर त्यात बंदी होती. पण अशा कामाला पैसा पुरवण्याबद्दल त्यात तरतूद नव्हती. दरम्यान सुरक्षा परिषदेचे निर्बंध पैशापर्यंत पोचले होते. ती उणीव भरणारी दुरुस्ती लोकसभेने ६ एप्रिल २०२२ रोजी आणि राज्यसभेने १ ऑगस्ट २०२२ रोजी मंजूर केली. वर्तमानपत्रात अशा दुरुस्तीला आतल्या पानावर चार ओळी मिळतात. त्या मुलांकडून वाचून घ्याव्यात, आणि दुरुस्ती कुठल्या कायद्याला आहे, कुठल्या समितीतून आली, तिच्यात कुणाचे नाव आहे नि कुणाचे गाळले आहे, एवढे विचारावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

ऱ्होडेशियाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. १६ डिसेंबर १९७९ रोजी कार्टर यांनी निर्बंध उठवले. २१ तारखेला लंडनला करारावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेनेही बंदी उठवली. १८ एप्रिल १९८० च्या मध्यरात्री सॉल्सबरी शहरात ब्रिटनचा झेंडा उतरला आणि झिंबाब्वेचा चढला. त्या शहराला दोन वर्षांनी हरारे हे नाव मिळाले. आणि अमेरिकेच्या बंदरांवर पोलादाच्या गठ्ठ्यांबरोबर तो दाखला मागण्याचे कारकुनांचे काम तेवढे कमी झाले.